सीना-माणकाठच्या हुलग्याची नोंद यंदाच्या सुगीत व्हावी

प्रति,
मा. कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी,
विभागीय कृषी संशोधन केंद्र, सोलापूर येथील शास्त्रज्ञ,
आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

येत्या मघा-पूर्वा नक्षत्रांत आमच्या माळरानांवर हुलगा, म्हणजे कुळीथ, पेरला जाईल. दरवर्षी पेरणारी घरं कमी होत चालली आहेत. आपल्याकडे माझी एकच मागणी आहे, ती आधीच सांगते. सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत घरोघरी राखलेलं हुलग्याचं जुनं बियाणं गोळा करा. ते कुठल्या गावचं, कसल्या जमिनीतलं आणि कुणी राखलेलं, हे त्याच्यासोबत लिहून ठेवा. आणि त्यातला एक वाटा गावातच राहील, दरवर्षी पेरला जाईल, अशी सोय करा. हे काम यंदाच्या सुगीत सुरू व्हावं.

मी सांगोला तालुक्यातली कोरडवाहू शेतकरी. माहेर मंगळवेढ्याकडचं, नणंद अक्कलकोट तालुक्यात दिलेली. त्यामुळे तिन्हीकडचा हुलगा मी निवडला आहे, भरडला आहे, शिजवला आहे. तो एक नाही हे कळायला मला प्रयोगशाळा लागली नाही. पण माझं कळणं माझ्यापाशीच राहिलं तर त्याचा उपयोग नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

सासरच्या मुरमाड रानातला आमचा दाणा बारीक, चपटा, भुरकट तांबूस. त्याचा वेल पसरतो, बाजरीच्या ताटाला धरून वर चढतो. शेंगा एकदम वाळत नाहीत. खालच्या तडकायला आल्या तरी शेंड्याला फूल असतंच. म्हणून तो पहाटेच्या दवात उपटायचा, ऊन चढल्यावर हात लावला की निम्मा दाणा रानातच सांडतो. माहेरचा हुलगा जरा खोल जमिनीतला. दाणा टपोरा, रंगाने फिका, झाड उभट आणि लवकर हाताला येणारं. आई त्याला बाजरीत कधीच मिसळत नसे, वेगळं वावर देत असे. नणंदेकडे काळा. नुसता गडद नव्हे, चांगला काळाभोर, मधूनच ठिपके असलेला. तिच्या सासूबाई म्हणायच्या, पाऊस हस्तात दगा देऊन गेला तरी काळा काहीतरी पदरात टाकतो.

स्वयंपाकातही फरक आहे. आमचा तांबूस हुलगा भाजून दळला की पीठ खमंग होतं, शेंगोळ्याला आणि माडग्याला तोच लागतो. माहेरचा टपोरा मोड आणून उसळीला चांगला, मोड लांब येतात आणि दाणा फुटत नाही. काळा शिजायला वेळ घेतो, त्यात गणंग दाणेही जास्त निघतात, पण त्याचं कढण दाट होतं. खिलार बैलांना आवताच्या दिवसांत शिजवून घालायला आमच्या भागात तोच मागून आणायचे. बाळंतिणीला माडगं करायचं तर सासूबाई डब्यातला हुलगा परातीत ओतून आधी रंग बघायच्या, मग भाजायला घ्यायच्या. हे सगळं एका जिल्ह्यातलं, आणि तेही तीन घरांतलं. करमाळ्याच्या, बार्शीच्या, माळशिरसच्या माळांवर काय काय असेल याचा विचार आपणच करावा.

जिल्ह्याबाहेर पाहिलं तर फरक आणखी रुंदावतो. कोकणात कुळीथ भात कापून झाल्यावर, जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर आणि थंडीवर येतो. आपल्याकडे तो परतीच्या पावसावर येतो. पीक तेच, पण तिकडचं बियाणं इकडच्या उन्हात आणि इकडचं तिकडच्या दवात सारखं वागेल असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. दापोलीच्या विद्यापीठाने कोकणासाठी वेगळा कुळीथ दिला तो याच जाणिवेने. कर्नाटक आणि तमिळनाडूत हा गरिबाच्या घरचा रोजचा दाणा आहे. तिकडे उत्तराखंडच्या डोंगरात त्याला गहत म्हणतात, आणि २०२३ मध्ये उत्तराखंडच्या गहतला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका डोंगरी राज्याने आपल्या हुलग्याचं वेगळेपण कागदावर आणलं. आपल्या जिल्ह्यात ते अजून गाडग्यातच आहे.

आपण शास्त्रज्ञ आहात, आपल्याला हे नव्याने सांगायला नको, पण पत्र वाचणाऱ्या माझ्यासारख्या शेतकऱ्यांसाठी लिहिते. हुलगा दिवस लहान व्हायला लागले की फुलावर येतो. जूनच्या पहिल्या पावसावर पेरला तर वेल नुसता माजतो, शेंगेचा पत्ता नसतो. म्हणून आमच्या बायका मघाची वाट बघायच्या. कुठल्या गावचा हुलगा कधी फुलतो हे त्या गावच्या पावसाशी पिढ्यान् पिढ्या जुळत आलेलं असतं. जिथे परतीचा पाऊस लवकर थांबतो तिथे लवकर फुलणारं झाड टिकलं, जिथे तो रेंगाळतो तिथे उशिरा येणारं. ही निवड कुणी एका दिवसात केली नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातला कुळीथ सापडला आहे, आणि कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांवरचे दाणे चार हजार वर्षांच्या आसपासचे आहेत. हे पीक भारतातच माणसाच्या हाताखाली आलं. भीमेच्या खोऱ्यातल्या माणसांनी ते इतका काळ आपापल्या मातीत पेरलं, त्यातून आजचे हे फरक उरले.

माझ्या मागणीचं खरं कारण मात्र हुलग्याच्या फुलात आहे. तुरीसारखी मधमाश्यांकडून त्याची फारशी सरमिसळ होत नाही. फूल उघडायच्या आधीच परागीकरण होऊन जातं, आणि आईसारखंच लेकरू निपजतं. त्यामुळे एका घराने राखलेला हुलगा शेजारच्या घरच्या हुलग्यात आपोआप मिसळत नाही. शेजारी शेजारी पेरले तरी तांबूस तांबूसच राहतो, काळा काळाच. हा फार मोठा फायदा आहे. चार वावरं दूर पेरा, जाळी लावा, असला खर्च इथे नाही. एका बाईने दर सुगीला चांगल्या शेंगा निवडून, राख लावून गाडग्यात भरल्या, की ते वाण शाबूत.

पण याच गोष्टीत मोठा धोकाही आहे. सरमिसळ होत नाही म्हणून एका घरचं वाण दुसऱ्या घरात थोडंसुद्धा उतरत नाही. तुरीचं एखादं जुनं वाण पेरायचं थांबलं तरी त्याचे काही गुण आजूबाजूच्या तुरीत मिसळून उरतात. हुलग्याचं तसं नाही. ज्या घरात बियाणं संपलं तिथे ते पूर्ण संपतं. आमच्या वाडीवर एका आजींकडे चितकबरा हुलगा होता, तांबूस अंगावर काळे शिंतोडे. त्या गेल्या, मुलगा पुण्याला, शेत बटईने दिलं. बटईदाराने बाजारातलं बियाणं आणलं. आजींचं गाडगं घर साफ करताना उकिरड्यावर गेलं. त्या वाडीत आता चितकबरा नाही. कुणावर दोष ठेवायचा नाही, पण हे असंच घरोघरी चाललं आहे.

हे बियाणं पुरुषांच्या हिशेबात कधी फारसं आलंच नाही. पेरणीला पाभर त्यांच्या हातात, पण कणगीतून किती काढायचं, कुठल्या शेंगा ठेवायच्या, भुंग्यापासून कसं वाचवायचं, लेकीला सासरी जाताना किती बांधून द्यायचं, हे बायकांच्या हातात राहिलं. मंगळवेढ्याचा टपोरा माझ्याबरोबर सांगोल्याला आला तो असाच, लुगड्याच्या गाठोड्यात. त्यामुळे गावात बियाणं शोधायला माणूस पाठवलात आणि त्याने पारावर बसलेल्यांना विचारलं, तर ‘आता कोण हुलगा लावतंय’ हे उत्तर मिळेल. स्वयंपाकघरात विचारायला हवं. हे काम महिला बचत गटांमार्फत करायला हवं असं मी म्हणते ते याच कारणाने, कार्यक्रमात फोटो यावा म्हणून नाही.

हुलगा कमी का झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे, थोडक्यात लिहिते. १९८० मध्ये उजनी पूर्ण झालं आणि पाणी पोहोचलं तिथे ऊस गेला. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा आल्या, आमच्या सांगोल्याच्या मुरमाड माळांवर डाळिंब उभं राहिलं. ज्या हलक्या रानात हुलग्याशिवाय दुसरं काही येत नाही असं वाटायचं, तिथे बाग आली. बागेने चार पैसे दिले, त्याबद्दल तक्रार नाही. ट्रॅक्टर आले, बैल गेले, बैलांबरोबर शिजवलेल्या हुलग्याची रोजची गरज गेली. उरलेल्या कोरडवाहू रानात तुरीला, सोयाबीनला, उडदाला निदान हमीभाव आहे. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं त्यांत कडधान्यांपैकी तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर आहेत. हुलगा नाही. राज्यात खरिपाच्या पीक विम्यासाठी अधिसूचित होणाऱ्या पिकांतही तो नाही. म्हणजे जे पीक सगळ्यात कोरड्या रानात, सगळ्यात उशिरा, सगळ्यात जास्त जोखमीवर पेरलं जातं, त्याला ना भावाचा आधार ना विम्याचा.

बाजारातही त्याची ओळख पुसली जाते. आडतीवर हुलगा एकाच ढिगात पडतो. काळा, तांबूस, फिका सगळं एकत्र, भाव एकच, बहुतेक वेळा चाऱ्याचा. पुढच्या वर्षी बियाण्याला त्याच ढिगातून घेतलेला हुलगा वावरात जातो. फुलात सरमिसळ होत नाही, पण पोत्यात होते. असं मिश्रण पेरलं की शेंगा वेगवेगळ्या वेळी वाळतात, अर्ध्या तडकतात, उतारा घटतो, आणि शेतकरी म्हणतो हुलगा परवडत नाही. दोष हुलग्याचा नाही, मिसळलेल्या पोत्याचा आहे. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांचा हुलग्यावरचा विश्वास अशा बियाण्याने घालवला आहे, आणि हे मला मनापासून लागतं.

आता आपल्या कामाबद्दल. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे. पाऊस लांबला तर ऑगस्टमध्ये काय पेरावं, याच्या आपल्या शिफारशींत हुलगा आहे, आणि ते आम्हाला खरोखर कामाला आलं आहे. विद्यापीठाने हुलग्याचे सुधारित वाणही दिले. सीना आणि माण ही त्यांची नावं आमच्याच नद्यांची, त्यानंतर फुले सकस आला. मी सुधारित वाणाच्या विरोधात नाही. ज्यांनी ते पेरलं त्यांना एकसारखं वाळणारं झाड मिळालं, काढणी सोपी झाली.

पण सुधारित वाण येतं कुठून? मोहोळचंच उदाहरण घ्या. १९३० च्या दशकात तिथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ काढली गेली, आणि आजही रब्बी ज्वारीत तिचं नाव पहिलं घेतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती निवड करता आली कारण त्या वेळी शिवारात निवडायला भरपूर होतं. शेतकऱ्यांच्या कणग्यांत वेगवेगळ्या मालदांड्या होत्या. उद्या हुलग्यावर एखादा रोग आला, दक्षिणेत पिवळा मोझॅक येतो तसा, किंवा पावसाळा आणखी मागे सरकला, तर आपल्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाला निवडायला काय मिळेल? आडतीवरचं एक पोतं आणि दोन-तीन सुधारित वाणं? त्या दिवसासाठी आजच्या गाडग्यांतलं बियाणं हवं.

‘हुलगा आता खातंय कोण’ असंही मला ऐकवलं जातं, शिकलेल्या माणसांकडूनसुद्धा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आहेत, कॅल्शियम २५० मिलिग्रॅमच्या वर आहे आणि लोहही चांगलं आहे. अंगणवाडीतल्या ताटासाठी याहून स्वस्त काय शोधायचं? आणि पावसाचं बघा. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचं सांगोलं होतं. जूनची पेरणी वाया गेल्यावर रान मोकळं ठेवण्यापेक्षा सप्टेंबरच्या चार सरींवर काहीतरी येतं, ही आशा हुलगाच देतो. ज्या जिल्ह्याला असं वर्ष पुन्हा येणार हे ठाऊक आहे, त्याने आपलं उशिराचं पीक अनाथ सोडू नये.

मग करायचं काय, हे माझ्या बुद्धीप्रमाणे लिहिते. चुकत असेल तिथे आपण दुरुस्त करा.

पहिली गोष्ट, गावं शोधायची. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. सातबाऱ्यावर जिथे जिथे हुलग्याची किंवा कुळथाची नोंद झाली असेल त्या गट क्रमांकांची यादी तालुकावार काढता येईल. ती अपुरीच असेल, कारण बांधाकडेला टाकलेला किंवा बाजरीत मिसळलेला हुलगा कुणी फोनवर भरत नाही. पण सुरुवातीला ती पुरे. तिथून कृषी सहायकाने आणि बचत गटातल्या एखाद्या जाणत्या बाईने मिळून घरं गाठायची.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. मळणी झाल्यावर येऊ नका. पीक उभं असताना या, कार्तिकात, शेंगा भरल्या की. झाड पसरतं की उभं राहतं, आधाराला चढतं का, पहिलं फूल कधी आलं, शेंगा एकदम वाळतात का, तडकतात किती, हे उभ्या पिकात दिसतं. पोत्यातला दाणा फक्त रंग आणि आकार सांगतो. दुसरी खेप मळणीनंतर, बियाणं घ्यायला. प्रत्येक नमुन्याबरोबर जमीन कसली, कधी पेरलं, कशाबरोबर पेरलं, किती वर्षांपासून या घरात आहे, कुठून आलं, आणि कशासाठी वापरतात, एवढं लिहिलं गेलंच पाहिजे. शेवटचा प्रश्न कुणी गाळू नये. माडग्याचा हुलगा आणि बैलाचा हुलगा हा फरक बाईलाच माहीत असतो, आणि तो नोंदवला नाही तर दहा वर्षांनी तिजोरीतल्या पाकिटावर नुसता एक क्रमांक उरेल.

तिसरी गोष्ट, ठेवायचं कुठे. एक वाटा दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीकडे जावा, एक सोलापूर केंद्रात राहावा. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली आहे, त्यात सोलापूरच्या हुलग्याला जागा मागावी. आणि एक वाटा गावात. शीतगृहातलं बियाणं जिवंत राहतं, पण ते पाऊस पाहत नाही, बदलत्या हवेशी जुळवून घेत नाही. रानात पेरलेलं बियाणं जुळवून घेतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, घेवड्याची जुनी वाणं घरात आणि शेतात जपली, आजूबाजूच्या बायकांना वाटली, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. वालाचं जे अकोले तालुक्यात झालं ते हुलग्याचं सांगोल्यात, मंगळवेढ्यात, अक्कलकोटात होऊ शकतं. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन घरं अशी ठरवावीत की तीच त्या भागातली वाणं वेगवेगळ्या ओळींत दरवर्षी पेरतील, आणि त्या रानाचं बुडालेलं उत्पन्न त्यांना रोख भरून मिळेल. मानपत्र देऊन भागणार नाही. माळरानातलं अर्धं एकर अडकवणं आमच्यासारख्यांना सोपं नसतं.

कायद्याची बाजू आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा हक्क दिला आहे, आणि शेतकऱ्याच्या वाणाच्या नोंदणीला शुल्क नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. एका पंचायतीची नोंदवही मी पाहिली. कडधान्यांच्या रकान्यात तूर, मूग, मटकी, हुलगा एवढी नावं, स्थानिक वाणांच्या रकान्यात आडवी रेघ. बाहेरच्या माणसाने एका दुपारी भरलेली ती वही होती. अशा वह्या परत उघडायला लावाव्यात. हुलग्यापासून सुरुवात झाली तर मटकीचं आणि चवळीचंही त्यात येईल.

एक विनंती बियाणे वाटपाबद्दल. दुष्काळी वर्षात किंवा प्रात्यक्षिकासाठी सुधारित हुलग्याच्या पिशव्या वाटल्या जातात तेव्हा ज्याच्या घरी जुनं बियाणं आहे त्याला आधी विचारा, त्यातलं पावशेर घ्या, मगच पिशवी द्या. फुकटची पिशवी आली की गाडग्यातलं बियाणं त्या वर्षी पेरलं जात नाही. दुसऱ्या वर्षी त्याला भुंगा लागतो, तिसऱ्या वर्षी ते उगवत नाही. चांगल्या हेतूने वाटलेल्या पिशवीनेही जुनं वाण संपतं. वाटप थांबवा असं मी म्हणत नाही, फक्त त्याचा क्रम बदला.

भौगोलिक मानांकनाची घाई मात्र आत्ता नको, असं माझं मत आहे. शेजारी कलबुर्गीच्या तुरीला ते २०१९ मध्ये मिळालं, लातूरच्या बोरसुरी तूरडाळीला २०२४ मध्ये. त्यामुळे आपल्याकडेही कुणी ‘सोलापूर हुलगा’ म्हणून अर्ज करायला पुढे येईल. पण आधी नोंद न करता अर्ज झाला तर एकच कुठला तरी दाणा ‘खरा’ ठरेल आणि बाकीचे आपोआप खोटे. आमच्याकडे तांबूसही खरा आणि काळाही खरा. आधी सगळे मोजा, मग मानांकनाचं बघू.

या कामाला फार पैसा लागणार नाही. मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र आहे, सोलापूरचं संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालयाची मुलं ग्रामीण कार्यानुभवासाठी गावांत येतातच. त्यांना कुठल्या तरी ठरावीक तक्त्यापेक्षा हे काम द्या. एका मुलाने पाच घरं केली तरी पुष्कळ होईल. हुलग्याच्या शंभर दाण्यांचं वजन साधारण तीन ग्रॅम, म्हणजे पावशेरात आठ हजारांच्या आसपास दाणे येतात. एका घरातून पावशेर घेतलं तर पेढीलाही पुरेल, गावातल्या ओळींनाही पुरेल, आणि देणाऱ्या बाईच्या पेरणीत काही कमी पडणार नाही.

आपल्याकडून या पत्राचं उत्तर पेरणीच्या आधी यावं ही अपेक्षा. कोणत्या तालुक्यातून सुरुवात करणार आणि कोणावर जबाबदारी देणार, एवढं कळलं तरी आम्ही इकडून तयारीला लागतो. सांगोल्यातून सुरुवात होणार असेल तर आठ दिवस आधी निरोप द्या. आमच्या आणि शेजारच्या वाड्यांवरच्या बायकांना मी सांगून ठेवते, त्या आपापलं बियाणं वेगवेगळ्या ओळींत पेरतील आणि ओळीला खूण करून ठेवतील. माहेरचा टपोराही मी यंदा स्वतंत्र लावते आहे. येणाऱ्याने सोबत वही, वजनकाटा आणि कापडी पिशव्या आणाव्यात, बियाणं घेतल्यावर बाईच्या नावाची पावती द्यावी, आणि त्या पावतीची एक प्रत ग्रामपंचायतीत लावावी.

आपली नम्र,
सांगोला तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी